उताणा

मर्डो गेडिसनं वृद्धाश्रमात जाताना
घराची किल्ली मुलीला दिली,
मासा मला.
डंडीतला नोव्हेंबर, साडेतीनलाच काळोख.
टाकी जिन्यावरून उतरवली आम्ही तिघांनी,
तळाशी चार बोटं पाणी, त्यात तो,
पोट वर.
"मेला," मी म्हणाले.
"असाच असतो तो," मर्डो म्हणाला. "सरळ झाला तर फोन कर."

त्याचा कागद फ्रिजवर आहे:
वाळू बारीक हवी, खडीनं मिशा झिजतात.
पाणी पंचवीस अंश.
दर रविवारी पाव टाकी बदल,
आधी क्लोरीन मारायचे थेंब.
इथलं पाणी मऊ आहे, डोंगरांचे आभार मान.
ओंडका हलवू नकोस, त्याची खालची बाजू म्हणजे त्याचं घर.
जाळी वापरू नकोस.
या ओळीखाली दोन रेघा.

शिंगाळ्याच्याच गोतातला, पण काँगोचा.
तिथे पाण्यात कोसळलेल्या झाडांखाली
डझनांनी उलटे तरंगतात म्हणे,
पाण्याच्या सायीला चिकटलेले किडे खालून टिपतात.
बाकीच्यांची पाठ काळी, याचं पोट काळं,
वरून बगळ्याला नुसता डोह दिसावा म्हणून.
पालथ्या घड्यावर पाणी, असं आई माझ्या गणिताला म्हणायची.
उताण्या माशावर आपल्याकडे म्हण नाही.

जानेवारीत हीटर गेला.
रात्रपाळीहून आले तर काटा अठरावर.
घाई झाली, आणि हाताशी जाळीच होती.
त्यानं परांचे काटे ताठ केले,
कडी लावावी तसे,
आणि ओरडला. कर्र, कर्र,
कोरड्या पाटीवर पेन्सिल.
मासा ओरडतो हे कागदावर नव्हतं.
कोमट पाण्याच्या बादलीत हात घालून
नखं कापायच्या कात्रीनं एकेक दोरा तोडला.
दिवसाला चाळीस खांदे एक्स-रेखाली धरते मी,
इतका लहान कधी धरला नव्हता.
पाच वाजले. जाळीचं भोक मुठीएवढं.
तो बादलीत गोल फिरला,
सरळ.
मी फोनकडे पाहिलं.
मग उलटला, आणि कडेला लागून राहिला.

रविवारी मर्डोचा फोन येतो.
"उताणा?"
"उताणा."
जाळीचं मी सांगितलेलं नाही.
फोन काचेला लावून धरते,
मासा अवाक्षर काढत नाही, पंप तेवढा घुरघुरतो,
आणि तिकडे मर्डो
बराच वेळ ऐकत राहतो.