सातपूरहून सुटलेलं यान

सातपूरच्या बंद पडलेल्या बेअरिंगच्या कारखान्यात
आम्ही यान बांधलं.
सुतारकाम दिलावर तांबोळीचं, वायरिंग माझं.
नाव खैरनार मास्तरांनी ठेवलं : अभिजित.
सत्तावीस नक्षत्रं सगळ्यांना पाठ असतात, मास्तर म्हणाले,
हे अठ्ठाविसावं. मोजणीतून गळालेलं.
तेव्हाच कळायला हवं होतं.

पॅनेलवर दोनशे चाळीस दिवे.
निम्मे एसटीच्या वर्कशॉपातून मागून आणलेले,
सगळे डाव्या इंडिकेटरचे,
म्हणून यान प्रत्येक संकटात डावीकडेच वळायचं.
आमच्यातल्या कुणाच्या लक्षात आलं नाही.
ओझरहून एका पोराचं पोस्टकार्ड आलं :
"तुमचं यान गोल गोल फिरतंय का?"
वडील विमानाच्या कारखान्यात, पोरगं पक्कं.
मास्तरांनी ते कार्ड कॅप्टनच्या खुर्चीमागे चिकटवलं
आणि सातव्या भागात यान खरंच
स्वतःभोवती अडकलेलं निघालं.

परका ग्रह एकलहऱ्याला सापडला.
वीजकेंद्राची राख, पहाटेचे सहा,
लांबवर एक झाड, ते तेवढं कॅमेऱ्यातून चुकवायचं.
गंधेबाई चालायच्या.
हेल्मेट द्राक्षांच्या पेटीच्या थर्माकोलचं, वर चंदेरी रंग,
आतून बाईंचा श्वास पुढच्या काचेवर जमायचा.
दिवसा नोटप्रेसमध्ये नोटा मोजायच्या,
शिफ्ट सुटली की कॅप्टन.
मध्येच थांबून त्या मागे वळायच्या,
राखेतली आपली पावलं बघायच्या.
हे पटकथेत नव्हतं. मास्तरांनी कापलंही नाही.

तेरा गुरुवार.
तेराव्याच्या शेवटी यानातच एक दार सापडतं,
नकाशात नसलेलं.
बाई हात ठेवतात. दार चार बोटं उघडतं.
पांढरा उजेड.
क्रमशः.

मग क्रिकेट आलं. मग निवडणुका.
मग त्या वेळेला भरल्या वांग्याचे प्रकार दाखवू लागले.
दोन ओळींचं पत्र, त्यात शब्द होता "तूर्तास".
तूर्तास म्हणजे नाही नव्हे,
मास्तर व्याकरण शिकवल्यासारखं सांगायचे,
भेटेल त्याला, रविवार कारंजावर, दवाखान्यात,
शेवटी सलाइन लावायला आलेल्या नर्सलाही.

यान भद्रकालीत किलोवर गेलं.
पॅनेलचा तुकडा शालिमारजवळच्या रसवंतीत बघितला,
चरक फिरला की तीन दिवे लागतात,
डावीकडचे.
खुर्ची सिडकोत, न्हाव्याकडे.
मी तिच्यावर दाढी करून घेतली, मान मागे टाकून,
आणि हात खाली नेऊन चाचपलं,
पोस्टकार्डाचा एक कोपरा अजून चिकटलेला होता.
दार मात्र कुठे गेलं, कळलं नाही.

अभिजितचा तारा पंचवीस प्रकाशवर्षं लांब.
मास्तरांनी वहीत हिशेब मांडून ठेवला होता :
आपला पहिला भाग तिकडे पोचेल
त्या तारखेला मी नसेन.
नव्हतेच.
त्या गुरुवारी साडेसातला मी गच्चीवर गेलो,
उत्तरेकडे तोंड करून उभा राहिलो.
ढग होते.
बायको म्हणाली, टाकी भरली का बघा.
पुढचे बारा गुरुवार बरे गेले.
चौदाव्याला जेवण गेलं नाही.
तिकडेही कुणीतरी
बटण पुन्हा पुन्हा दाबून बघत असेल.

गेल्या महिन्यात द्वारकेच्या चौकात गंधेबाई दिसल्या.
पिशवीत मेथी, कानाला यंत्र.
ओळखलं त्यांनी. म्हणाल्या,
"अहो, दारामागे काय होतं?
मास्तरांनी मला सांगितलंच नाही,
कळलं तर चेहऱ्यावर दिसेल म्हणे."
तेवढ्यात सिग्नल सुटला,
आणि त्या गर्दीबरोबर पलीकडे गेल्या.

मी होतो बाई.
हजार वॉटचा हॅलोजन
ओलं गोणपाट गुंडाळून दोन्ही हातांत धरलेला,
उकिडवा.
पंख्याच्या आवाजात कट ऐकू आलं नाही.
तुम्ही सगळे चहाला गेलात,
मी उजेड धरून बसलो होतो.