पाण्यावरच्या गावाला अर्थ देताना

आमच्या गावाला जमीन नाही.
हे आधीच सांगतो, कारण पुस्तकातलं पहिलंच वाक्य आहे:
आठ फुटी तांब्याची सळई जमिनीत ठोका.
एल्विया आत्यानं ते दोनदा वाचलं,
मग फळ्यांच्या फटीतून खाली बघितलं.
खाली पाणी. पाण्यात खांब. खांबांवर शेवाळ.
म्हणाली, "ठोका म्हणे."

माराकायबो सरोवराच्या या कोपऱ्यात
वर्षातल्या जवळजवळ निम्म्या रात्री वीज चमकते.
बहुतेकदा इतकी लांब, की आवाज पोचत नाही,
नुसता उजेड, मिटतो, उघडतो,
होड्या त्यावर नजर ठेवून घरी येतात.
आम्ही तिला दीपस्तंभ म्हणतो.
आणि दीपस्तंभ एखाद्या रात्री उठून गावात येतो.

सप्टेंबरात आला.
अँटेनाच्या पाइपवरून खाली उतरला.
रेडिओला अर्थ होता, नावापुरता,
एका खांबाला गुंडाळलेली बारीक तार.
जनरेटरचा अर्थ वेगळा, शाळेच्या खांबाला.
दोन अर्थ, एकमेकांशी न बोलणारे.
वीज एकाकडे आली, दुसऱ्याकडे निघाली,
आणि मधे रेडिओ होता.

जळका वास तीन दिवस गेला नाही.

त्या रात्री एउदाल्दोची होडी बाहेर होती.
सकाळी सापडला, बर्फाच्या पेटीला मिठी मारून,
ओठ निळे, पण बोलत होता:
"होडी भरेपर्यंत तासभर हाका मारत होतो तुम्हाला.
ऐकत होतात ना?"
आत्या म्हणाली, "हो."

त्यानंतर तिनं पुस्तक उशाशी घेतलं.

तांबं मिळालं बुडालेल्या फेरीबोटीच्या तळाचं,
हिरवं पडलेलं, ताटाएवढे चार पत्रे.
बुडी मारायला मी.
वरचं पाणी कोमट, मग गार,
मग काहीच दिसेना, आणि हात गाळात गेला
मनगट, कोपर, खांदा.
तिथं होती ती.
मऊ, गार, जुनी.
इतकी वर्षं आम्ही तिच्यावर उभे,
आणि चौकशीला आज पहिल्यांदा कोणी आलं.

चार पत्रे, चार ठिकाणी. मग आत्या म्हणाली,
"आता सगळे एकमेकांना बांधा.
रेडिओ, जनरेटर, शाळा, बर्फाचा कारखाना,
देवळाची घंटा, ज्याच्या त्याच्या घरावरचा पत्रा.
एकही सुटा नको."

देयानिरा म्हणाली, "तुमची वीज माझ्या घरात नको."
"जोडलं नाहीस तर येईल."
"बरं. पण तार माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या बाजूनं वळवून न्या."
आत्यानं मान हलवली.
विजेला वळण लावता येत नाही, देयानिरा.
तार सरळ हवी, आखूड हवी, जाड हवी,
काटकोन दिलास तर ती तार सोडून उडी मारेल,
कुणाच्या अंगावर, ते विचारून मारणार नाही.
दोन दिवस अबोला.
तिसऱ्या दिवशी पाहिलं तर
कपड्यांची दोरी हलवलेली होती.

आता ढग दाटले की आत्या तरीही
अँटेनाची वायर काढून खिडकीबाहेर धरते,
बाहेरच्या खुंटीला अडकवते,
बॅटरी सोडवते, खुर्ची मागे ओढते.
धरणीवर भरवसा आहे, ती सांगते,
पण पाहुण्याला घरात बोलवायची काय गरज?
कधी वीस मिनिटं, कधी अर्धी रात्र.
मागच्या महिन्यात एकदा पडली, सरळ पाइपवर.
गाव पांढरं झालं. घंटा आपोआप वाजली, एकदाच.
खांबांखालचं पाणी क्षणभर थरथरलं
आणि पुन्हा पाणी झालं.

मग ती वायर जोडते, बटण दाबते,
आणि सरोवरभर विचारते, कोण कोण आहे.
आवाज येतात, एकेक. नेरिओ. ला चिन्का. मधेच नुसतं खोकणं.
एउदाल्दो सगळ्यात शेवटी. दर वेळी तेच:
"मघापासून बोलतोय. ऐकत होतीस ना?"

"नाही," आत्या म्हणते.
"आता ऐकतेय. बोल."