अकरा किलो चारशे

भट्टीच्या कठड्यावर, कॉफीच्या डब्याशेजारी
नऊ वर्षं बसून होता तो काळा राउटर.
ती मांजराची जागा. मांजर गेलं, मग हा आला.
बर्चची लाकडं पेटली की विटा तापायच्या,
विटांबरोबर हा तापायचा,
आणि बरोबर साडेआठच्या बातम्यांत
मंत्र्याचं तोंड उघडंच राहायचं.

मग उठायचं. वायर उपटायची. तीसपर्यंत मोजायचं.
ताइस्तो असताना तो मोजायचा, मोठ्यानं,
आणि सव्विसालाच वायर खुपसायचा.
मी पुरते तीस मोजते.
फरक काही पडत नाही.

निजायच्या खोलीत तर रेंजचा पत्ताच नाही.
मध्ये दोन टनांची भट्टी, सासऱ्यांनी रचलेली,
तिच्याभोवती मागाहून घर.
योउनी फोनवर म्हणाला, "आई, विटांपुढं कुणाचं चालत नाही.
उंचावर ठेव, मोकळ्यावर ठेव. नाहीतर सरळ फेकून दे."
रोवानिएमीत बसून
फेकून दे म्हणायला काय जातंय.

नवा आला तो जोडीनं: दोन पांढरे डबे,
साखरेच्या वाडग्याएवढे.
एक जिन्याच्या वळणावर, खिळा ठोकून.
दुसरा माडीच्या खिडकीत, सौनाकडे तोंड करून.
आणि मी फोन हातात धरून घरभर हिंडले,
पाणाड्या पाणी शोधत हिंडतो तशी.
निजायच्या खोलीत चार दांड्या! उशीवरसुद्धा चार.
सौनाच्या बाकावर तीन.
बूट चढवले, धक्क्यापर्यंत गेले,
धक्क्यावरून उतरून गोठलेल्या तळ्यावर दहा पावलं.
एक दांडी.
अकराव्या पावलाला तीही गेली.
तिथं उभं राहून कुणाला फोन करावा, सुचेना.

सातला दार वाजलं. उर्पो. टोपी हातात.
"तुमचं नेट गेलंय का?"
"नाही. उलट आलंय."
"माझं गेलंय," म्हणाला,
आणि पायपुसण्याकडे बघत राहिला.
बुटांवरचा बर्फ वितळून पाणी दारापर्यंत आलं
तेव्हा कुठं तोंड उघडलं त्यानं.
सहा वर्षं. हॉकीपुरतं.
पासवर्ड ताइस्तोनंच दिलेला, बोटीत,
कुणाला बोलू नकोस म्हणून.
कुणाला म्हणजे मला.
माझ्या उशीपर्यंत कधी न पोचलेली रेंज
याच्या स्वयंपाकघरात ओसंडत होती.
त्या बाजूला भट्टी नव्हती, नुसती काच होती.

रागवायचं राहून गेलं. कॉफी ओतली.
"हाउकी, अकरा किलो चारशे," मी म्हटलं, "तोच ना पासवर्ड?"
"अकरा कसले," उर्पो कपात बघत म्हणाला,
"मी होतो बोटीत. सातसुद्धा भरला नसता तो मासा.
ओल्या जाळ्यासकट तोलला होता."

योउनीनं बजावलं होतं: नाव नवं दे,
पासवर्ड डब्याच्या बुडाशी छापलाय तोच ठेव.
सोळा अक्षरं, एकालाही अर्थ नाही.
मी चष्मा लावला.
जुनंच नाव टाकलं.
हाउकी, पहिलं अक्षर मोठं. अकरा. चारशे.
थाप जशीच्या तशी.

घरातली यंत्रं काही न विचारता जागी झाली.
रेडिओ. टीव्ही. खणातला ताइस्तोचा टॅबलेट टुणकन वाजला.
तो मी चार्ज करून ठेवते. का, ते विचारू नका.

उर्पो गेला. मग भट्टी पेटवली.
कठड्यावर एक चौकोन उरलाय,
बाकीच्या विटांहून फिका,
पुसला तरी जात नाही.
साडेआठला मंत्री पुरं वाक्य बोलला.
त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं.
आणि बाहेर, बर्फापलीकडून, उर्पो ओरडला: गोल!
कुणाचा, ते कळलं नाही.