ऐंशी ग्रॅम

पत्र आलं तेव्हा वेइयोनं ते आधी वाचलंच नाही.
अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळलं,
खिडकीपाशी उजेडात धरलं, म्हणाला,
"ऐंशी ग्रॅम. आपला नाही.
कागदसुद्धा बाहेरून मागवलाय."
मग चष्मा शोधायला गेला.

अडतीस वर्षं तीन नंबरच्या मशीनवर.
एकोणसाठाव्या वर्षी त्याला कळवण्यात आलं
की जग आता काचेवर वाचतं.

गिरणी थांबली तशी गावाला वास येईनासा झाला.
सडक्या कोबीसारखा होता तो. पाहुणे नाक धरायचे.
आम्ही म्हणायचो, पगाराचा वास आहे, सवय होईल.
आता तळ्यावर नुसती हवा,
स्वच्छ, आणि कुणाचीच नाही.

पहाटे पावणेचारला तो अजून उठतो.
कॉफी ठेवतो, राईच्या पावाचे चार तुकडे कापतो,
डब्याचं झाकण लावताना त्याला आठवतं.
मग तो डबा माझ्या पिशवीत जातो.
मी घरोघर फिरून म्हाताऱ्यांना आंघोळ घालते;
नऊ वाजता कुणाच्या तरी परक्या स्वयंपाकघरात
बसून खाते
माझ्या नवऱ्याच्या सुटलेल्या कामाचा डबा.

रोजगार कार्यालयातली मुलगी आमच्या पिर्योच्या वयाची.
"पुढच्या पाच वर्षांची तुमची उद्दिष्टं?"
फॉर्म पडद्यावरच भरायचा होता.
कागदावर नाही का मिळणार, त्यानं विचारलं.
ती हसली. वाईट मनानं नव्हे.
कागदोपत्री तो कामासाठी उपलब्ध आहे,
फक्त कागद कुठेच नाही.

सव्वीस अर्ज, दोन उत्तरं.
एकानं लिहिलं, आपला अनुभव फार आहे.
त्या "फार"वर तो दोन दिवस गप्प होता.

इथे या वाटेला नळी म्हणतात.
बेकारीच्या तोंडातून आत शिरायचं,
पेन्शनच्या टोकातून बाहेर पडायचं,
मधली वर्षं वाकून चालायचं.
शेजारचा ओलावी कुंपणावरून म्हणाला, सुटलास लेका!
वेइयो हो म्हणाला,
आणि भर उन्हात फावडं घेऊन
नसलेला बर्फ ओढायला गेला.

सोपं नव्हतं. मला साधू समजू नका.
त्यानं माझे सगळे खण लावले, उंचीप्रमाणे.
मी इस्त्री करताना मागे उभा राहून म्हणाला,
डावीकडे ताण कमी पडतोय.
मी ओरडले, "मी तुझी मशीन नाही!"
तो म्हणाला, "माहीत आहे.
तिचा आवाज वेगळा होता."

त्या रात्री अंथरुणात तो नव्हता.
खाली मोरीत वॉशिंग मशीन फिरत होतं, रिकामं,
एकही कपडा नाही, नुसतं पाणी,
आणि त्याला टेकून, खुर्चीत,
तोंड उघडं टाकून गाढ झोपलेला माझा नवरा.
विजेचं बिल मनात आलं, खोटं कशाला बोलू.
बंद नाही केलं.

वसंतात ती विकली गेली, तीन नंबर. समुद्रापार.
"तिला नोकरी लागली," तो म्हणाला.
खोलून न्यायला माणसं आली, पोरसवदा, थंडीनं कुडकुडणारी,
आणि दोन आठवड्यांसाठी याला बोलावणं आलं.
प्रत्येक बोल्टला चिठ्ठी.
शेवटच्या रात्री जेवणाच्या टेबलावर
त्यानं त्यांच्यासाठी हातानं सात पानं लिहिली:
दमट दिवशी वाळवणीचा चौथा रूळ थरथरतो,
घाबरू नका, वेग कमी करू नका,
बाजूला उभे राहा, ती आपणहून सावरते.
लिहून झाल्यावर पानं चोळून पाहिली नाहीत.

आज पावणेचारला मी जागी झाले.
स्वयंपाकघरात अंधार, कॉफीचा वास नाही.
शेजारी वेइयो घोरत होता,
भिंतीकडे तोंड करून, रविवार असल्यासारखा.
मी पडून राहिले, डोळे टक्क उघडे.
कुणीतरी पाळीवर हवं.