बुधवारची गाडी

साखर पेठेत, बंद लूमच्या शेडात
आमचं तीन माणसांचं नाटक.
लढाई तेव्हा खरीच चालली होती.
काचांना काळा कागद, कंदिलावर टॉवेल.
विठोबा चिप्पा शिपाई,
अनसूया म्याकल त्याची बायको,
तारवाला मी. उरलेला वेळ प्रॉम्प्टर.

तार म्हणजे विडी कारखान्याची पावती.
ती वाचून अनसूया कोसळायची,
बायका डोळ्याला पदर लावायच्या.

तिचा स्वतःचा नवरा सीमेवर,
महिनाभर कागद नाही.
चौथ्या प्रयोगाला तिनं पावती
उलटसुलट पाहिली, म्हणाली,
"येतोय. बुधवारच्या गाडीनं."

मी वही चाळली. असं वाक्यच नव्हतं.
विंगेत मेलेला चिप्पा
विडी ओढत रंग पुसत होता.
ढकललं त्याला : जा बे, जिवंत झालास.

एका गालावर रंग, पायात घरची चप्पल,
सुचेना काही.
"जेवलीस का?" म्हणाला.
"कुठं? तू यायचा होतास की."
आणि तेल संपेपर्यंत
ती त्याला वाढत राहिली
रिकाम्या ताटात कडक भाकरी, मोडून मोडून.
मी एक शब्द पुरवला नाही.

बुधवारी ती स्टेशनावर दिसली म्हणतात.
मी विचारलं नाही.