छाट

भार्गवने मंगळवार बाजारातून आणलं ते यंत्र,
दीडशे रुपये, डबा नाही, पुस्तक नाही,
काळा एक घोडा हरवलेला.
त्याच्या जागी मी नायनाच्या मागावरची कांडी उभी केली.
यंत्राने काही म्हटलं नाही.
त्याला घरं कळतात, मोहऱ्यांची तोंडं नाही.

निघायचं ते घर दाबायचं,
पोचायचं ते घर दाबायचं.
मग ते विचार करतं
आणि कडेला दोन लाल दिवे लागतात,
एक उभ्या ओळीचा, एक आडव्या.
मोहरा मात्र त्याचाही मीच हलवायचा.
माझ्याच हाताने माझा वजीर
किती वेळा उचलून बाजूला ठेवला असेल!

नायनाने शिकवलं होतं मला,
पाळी सुटल्यावर ओट्यावर खडूने घरं आखून.
त्याच्या खेळात प्यादं एकच घर चालायचं
आणि राजाला, एकदाच, घोड्याची उडी असायची.
"अडकलेल्याला एक उडी देतोच देव," म्हणायचा.
मी ती उडी यंत्राला दाखवली.
टीं टीं.
पुन्हा दाबली.
टीं टीं.
आवाज ओळखीचा वाटला.
ब्रँचमध्ये गुंडेटी चेकर विडी चिमटीत दाबतो
आणि न बोलता बाजूला टाकतो, तसा.
छाट.

एका रात्री त्याने माझं प्यादं खाल्लं
ते नव्हतंच त्या घरात जाऊन.
मी ओरडले, चोर आहे हे!
भार्गव हसला. आत्या, तू दोन घरं पळालीस ना,
ती मोकळीक फुकट नसते,
शेजारचा जाता जाता उचलतो.
तेव्हापासून पळण्याआधी
मी शेजार बघते.

पहिल्या लेव्हलला बारा वेळा हरले.
मग कळलं, चूक हाताची आहे.
हजार विड्यांचा हात हा,
पान, तंबाखू, वळ, मुडप, दोरा,
विचार आला की वेग जातो म्हणून
विचार न करायला शिकलेला.
तिकडे दिवा लागला की इकडे हा निघालाच.
शेवटी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायला लागले.
त्याने हे का केलं?
हलल्याने त्याचं काय उघडं पडलं?
उत्तर आलं तरच उजवा हात सोडायचा.
चाल परत घ्यायचं एक बटण आहे,
त्यावर चिकटपट्टी लावली.
वळलेली विडी कुणी उलगडून देतं का?

संक्रांतीनंतर, गड्डा उठत होता तेव्हा,
दुसरी लेव्हल जिंकले.
त्याचा चेहरा पडला नाही,
दिवे सगळे लुकलुकले, एवढंच.
घरात सगळे झोपलेले.
खालच्या डब्यातली शेंगाचटणी काढून
कडक भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला.

गुरुवारी ब्रँचमध्ये रांग मोठी.
गुंडेटी आणि मुनीम टेबलावर पट मांडून.
चेकरचा राजा कोपऱ्यात,
आपल्याच हत्तीने, आपल्याच प्याद्यांनी कोंडलेला.
मुनिमाची नजर भलतीकडे, वजिरावर.
माझे हात टोपलीखाली होते.
मोजलं. परत मोजलं.
"मुनीमजी, घोडा."

बाया गप्प झाल्या.
घोडा गेला. मात.
गुंडेटीने पट आवरला, माझी टोपली ओढली.
त्या दिवशी माझ्या हजारात
एकशे दहा छाट निघाली.
पद्मा म्हणाली, कशाला बोललीस गं?
मलाही माहीत नाही.
उडी असावी ती, एकदाचीच.

आज लाइट गेली आहे.
यंत्र सेलवर चालतं,
अख्ख्या घरकुलात दोनच लाल ठिपके,
एक माझ्या बाजूला, एक त्याच्या.
तिसरी लेव्हल, कांडी माझ्या राजाच्या जवळ आली आहे.
माझी चाल.
लुकलुकू दे.
आजच्या विड्या बांधून झाल्यात,
हात मांडीखाली आहेत,
मला घाई नाही.