नेढं

रविवारची मिस्सा संपली की
वेदीमागच्या खोलीत मी आणि बेनेदित मास्तर
दानपेटी उपडी करतो.
पंखा बंद. नोटा उडतील म्हणून.
खरं तर आमच्या कोर्लईच्या नोटा उडत नाहीत,
त्या ओल्या असतात, एकमेकींना धरून असतात,
दहाच्या पाठीला वीस, विसाच्या पोटाला खवला.
मास्तर खवला नखानं सोडवतात,
उजेडात धरतात, म्हणतात, ‘घोळ.’
मग कुणाच्या जाळ्याला परवा घोळ लागली होती
ते आम्हा दोघांना आठवतं
आणि आम्ही काही बोलत नाही.

आज प्रवचनात उंट होता.
सुईच्या नेढ्यातून उंट जाईल एक वेळ,
पण धनवान देवाच्या राज्यात जाणं कठीण.
पहिल्या बाकावर आंतोन वेगास,
तीन बोटींचा मालक,
दोन बोटींना संतांची नावं, तिसरीला मुलीचं.
त्यानं रुमालानं मान पुसली.
तसे फादर घाईनं म्हणाले,
यरुशलेमच्या तटाला म्हणे ‘सुई’ नावाचा
एक लहान दरवाजा होता,
ओझं उतरवून, गुडघे टेकून
उंट त्यातून बरोबर जायचा.

सव्वीस वर्षं ऐकतोय मी हा दरवाजा.
पाद्री बदलतात, दरवाजा रुंद होत जातो.
यंदा त्यातून बर्फाचा टेम्पो गेला असता.

बाहेर पेरपेतबाय जाळं सांधत बसलेली,
मिस्सा तिनं पायरीवरूनच ऐकली.
म्हणाली, ‘तुझ्या फादरला सांग,
माझ्या सुईला नेढंच नाही. जीभ आहे.’
आणि प्लास्टिकची हिरवी सुई तिनं
माझ्या नाकासमोर नाचवली,
आत खरंच जीभ, दोऱ्यानं गच्च भरलेली.
‘आणि उंट कितीचा, तेही विचार.’

उंट पुळणीवर उभा होता,
गळ्यात कागदी फुलं, पाठीवर लाल गादी,
शंभर रुपयांत किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत.
रूपाराम म्हणाला, सत्तर हजार,
त्यातले चाळीस अजून सावकाराचे.
मी येऊन सांगितलं.
पेरपेतबायनं लुगड्याचा ओचा चाचपला,
तिथं तिची दोन पदरी साखळी असते,
सगळ्या गावाला ठाऊक, तिला वाटतं कुणालाच नाही.
‘ही मी पेटीत घेऊन जाणार,’ म्हणाली,
‘देवाला लागली तर त्यानं मागून घ्यावी.
मागितली तर बघू.’

हां, तर पेटी.
तळाशी, चौघडी घातलेली,
जुनी हजाराची नोट.
सरकारनं रद्द केलेली, कोरडी, कडक.
तिला कसलाच वास नव्हता.
मास्तरांचा चश्मा कपाळावर गेला.
‘कोण हा नालायक?
बँक घेईना म्हणून देवाला?’
मी म्हणालो, ‘टुरिस्ट असेल.’

वहीत लिहिलं: दोन हजार सातशे अठरा.
हजाराची नोट लिहिली नाही.
मास्तर म्हणाले, लिहायची कुठल्या रकान्यात?
त्यांनी ती मेणबत्त्यांच्या खोक्यात टाकली,
काड्यांच्या शेजारी.

आई वारली तेव्हा तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात
मला सात सापडल्या.
मासळीच्या टोपलीखाली मान वाकवून जमवलेल्या,
कुणाला न सांगता, मलाही नाही.
स्तोत्रांच्या पानांत, इस्त्री केल्यासारख्या.
तेव्हाही त्या मेलेल्याच होत्या.
तरी ठेवल्या.
न जाणो, उद्या सरकारचं मन बदललं तर.
एक तेवढी दिली. तीही मिस्साच्या आधी,
कुणी आलं नव्हतं तेव्हा.

संध्याकाळी ओहोटी लागली.
पुण्याच्या कुणा पोराला उतरवायला
उंट गुडघे टेकून बसला.
नम्र वगैरे काही नव्हता,
रूपारामनं नाकाची दोरी खेचली होती.
पोरगं उतरलं तरी तो तसाच बसून राहिला,
ओल्या वाळूत, तोंड हलवत.

मी घरी आलो.
हात धुतले, तरी खवल्यांचा वास गेला नाही.
पुस्तक काढलं, मोजल्या.
सहा.
दिवा लावून परत मोजल्या.